रायफलीवरची दुर्बीण कशी निवडावी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हा बोनस, महागाईभत्ता, नाहीतर कामगार कायदा यांपैकी काहीतरी निघेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीचा विषय कळवला. त्याचे कारण साधे आहे. आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीस आहे. तेथेच स्थायिक होऊन तो तेथला नागरिक झाला आहे. त्याच्या कारखान्यातले सोबती हिवाळ्याच्या तोंडाशी हरणांच्या शिकारीस जातात आणि एरवी सुट्टीच्या दिवशी कागदी निशाणांवर नेमबाजी करतात. त्यांच्या संगतीने यालाही रायफल घ्यावीशी वाटली. रायफल लवकर ठरली. तिच्यावरची दुर्बीण काही ठरेना. दुकानात शेकडो नमुने, प्रत्येकावर पाचसहा आकडे, आणि किमतीत दहापट-वीसपट अंतर. त्याने मला विचारले, कारण युनियनच्या कामाला लागण्यापूर्वी माझी उमेदीची वर्षे टूलरूममध्ये गेली. मायक्रोमीटर, डायलगेज आणि मापनाचा सूक्ष्मदर्शक ही माझी रोजची हत्यारे. मी शिकारी नव्हे. परंतु भिंगे, पेच आणि आटे यांपासून बनलेली वस्तू खरी कोणती आणि दिखाऊ कोणती, हे तपासणे माझ्या धंद्यातले आहे. त्याच्यासाठी जे वाचले, ताडून पाहिले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आपल्या देशापुरता खुलासा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार बंद झाली, आणि झाली ते योग्यच झाले. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराविरुद्धसुद्धा शेतकऱ्याला स्वतःच्या मनाने बंदूक चालवता येत नाही. वनखात्याच्या अधिकाऱ्याची रीतसर परवानगी लागते. तेव्हा शिकारीविषयी मी जे बोलेन ते अमेरिकेतले समजावे. आपल्याकडे या ज्ञानाचा उपयोग निशाणबाजीपुरता, आणि त्याविषयीही पुढे बोलणार आहे.

अमेरिकेत मात्र हरणाची शिकार हा राजेरजवाड्यांचा षोक नाही. खाणीतला, पोलादाच्या भट्टीवरचा, मोटारीच्या कारखान्यातला माणूस परवाना काढून जंगलात जातो, आणि मिळालेले मांस हिवाळाभर घरी खातो. मिशिगन राज्यात बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो. पेनसिल्व्हेनियात तो कित्येक वर्षे थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी उघडत असे आणि त्या दिवशी गावोगावच्या शाळा बंद राहत. २०१९ पासून तो शनिवारी उघडू लागला, म्हणजे सोमवारची रजा ज्याला मिळत नाही त्यालाही पहिला दिवस साधता यावा. तेथील कामगार संघटनांनी शिकार आणि मासेमारी करणाऱ्या सभासदांसाठी २००७ मध्ये एक स्वतंत्र मंडळही काढले. अशा माणसाचा पैसा मोजका असतो. म्हणूनच दुर्बिणीची निवड ही त्याच्या दृष्टीने चैनीची गोष्ट नसून हिशेबाची गोष्ट आहे.

आता मुळात ही दुर्बीण करते काय? पुष्कळांचा समज असा की ती लांबची वस्तू जवळ आणते आणि म्हणून नेम चांगला लागतो. हे अर्धेच खरे आहे. साध्या बंदुकीवर मागे खाच असते, नळीच्या टोकाशी माशी असते आणि तिच्यापलीकडे निशाण. खाच डोळ्याजवळ, माशी तिच्यापुढे, निशाण शंभर यार्डांवर. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होते. माशी स्पष्ट दिसली तर निशाण पुसट होते, निशाण स्पष्ट केले तर माशी विरघळते. विशीतला डोळा झटपट पुढेमागे होऊन ही उणीव भरून काढतो. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला ते जमत नाही. दुर्बीण निशाणाची प्रतिमा आणि नेमाची फुली या दोन्ही गोष्टी एकाच प्रतलात आणून ठेवते. डोळ्याने एकाच ठिकाणी पाहायचे. हा तिचा पहिला आणि मुख्य गुण. मोठे करून दाखवणे हा दुसरा, आणि बाजारात किंमत लागते ती मात्र या दुसऱ्याच गुणाची.

हात स्थिर करणे तिच्या शक्तीबाहेरचे आहे. उलट, हाताचा कंप ती तितक्याच पटीने मोठा करून दाखवते. नऊ पटींच्या दुर्बिणीतून उभ्याने पाहा. छातीच्या ठोक्यागणिक फुली निशाणावरून उडताना दिसते. नवखा माणूस घाबरतो, फुली मध्यावरून जाते आहेसे पाहून चाप झटक्याने ओढतो आणि गोळी भलतीकडे जाते. तीच बंदूक, तोच माणूस, चार पटींवर शांतपणे नेम धरतो.

या वस्तूचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावी विल्यम माल्कम याने १८५५ मध्ये रायफलीसाठी दुर्बिणी बनवण्याचा धंदा सुरू केला. त्या जवळजवळ बंदुकीच्या नळीएवढ्या लांब असत. पुढे चांगला माल जर्मनी आणि ऑस्ट्रियातून येऊ लागला, पण तो श्रीमंताच्या खिशाला परवडणारा होता. १९३० मध्ये विल्यम वीव्हर नावाच्या माणसाने तीन पटींची, पोलादी नळीची एक साधी दुर्बीण बाजारात आणली. तिचे नाव ३३०, आणि किंमत होती १९ डॉलर. पुढे त्याने कारखाना टेक्सासमधील एल पासो येथे नेला. महामंदीच्या त्या दिवसांत १९ डॉलरही थोडे नव्हते. तरी मजुराने वर्षभर साठवले तर जमेल एवढी ती रक्कम होती. सामान्य शिकाऱ्याच्या रायफलीवर दुर्बीण चढली ती येथपासून. तीन पटी, बारीक भिंग. आजच्या दुकानदाराने ती हातात धरून नाक मुरडले असते. लोकांनी तिच्यावर दशकानुदशके शिकार केली.

दुसरी अडचण दवाची होती. उबदार खोलीतून थंडीत गेले की नळीतल्या हवेतील बाष्प भिंगांवर आतून धरे, आणि ऐन वेळी दुर्बिणीत धुके दिसे. ऑरेगन राज्यातील ल्यूपोल्ड कारखान्याने १९४७ च्या सुमारास नळीतील हवा काढून तीत कोरडा नायट्रोजन भरण्याची पद्धत रूढ केली. त्याच कारखान्याने १९६२ मध्ये कडेला जाड आणि मध्याजवळ बारीक अशा रेघांची फुली काढली. जाड रेघा अंधुक उजेडात नजरेला मध्याकडे ओढून नेतात आणि बारीक रेघा निशाण झाकत नाहीत. आजही साध्या शिकारीसाठी याहून चांगली फुली मला आढळली नाही. आज नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला नाही असा नमुना कोणी दाखवला, तर तो खाली ठेवावा.

आता आकड्यांकडे वळू. दुर्बिणीवर ‘३–९ × ४०’ असे छापलेले असते. याचा अर्थ, ती तीनपासून नऊ पटींपर्यंत मोठे दाखवते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलीमीटर आहे. ग्राहक नऊ पाहतो. मी म्हणतो, ४० ला ९ ने भागा. उत्तर ४.४ येते. दुर्बिणीच्या मागच्या बाजूने डोळ्यात शिरणारा उजेडाचा झोत इतक्या मिलीमीटर जाडीचा असतो. हात लांब करून दुर्बीण उजेडाकडे धरलीत, तर मागच्या भिंगात ते पांढरे वर्तुळ डोळ्यांनी दिसते; पट्टी लावून मोजताही येते. तीन पटींवर हेच वर्तुळ १३ मिलीमीटरांहून मोठे होते. आपल्या डोळ्याची बाहुली भर दिवसा दोन-तीन मिलीमीटर उघडते, अंधारात तरुणाची सात मिलीमीटरपर्यंत, माझ्या वयाच्या माणसाची पाचच्या आसपास. म्हणजे दिवसा नऊ पटी चालतील. पण संधिप्रकाशात झोत बाहुलीपेक्षा बारीक झाला की चित्र काळवंडते. आणि हरीण निघते ते पहाटे आणि सांजेलाच. अमेरिकेतील अनेक राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची वेळ धरतात, आणि त्या दोन अर्ध्या तासांतच दुर्बिणीची खरी परीक्षा होते.

आता ‘६–२४ × ५०’ असा नमुना घ्या. दुकानात याचे मोठे कौतुक. चोवीस पटी! ५० ला २४ ने भागा : दोन मिलीमीटर. सांजेला त्या चोवीस पटी कामाच्या नाहीत. भर उन्हातसुद्धा त्या झोतात डोळा नेमका आणण्यासाठी मान अवघडवावी लागते. वेतनकराराच्या वाटाघाटींत मी हे अनेकदा पाहिले आहे. मसुद्याच्या पहिल्या पानावर वाढीचा मोठा आकडा असतो. पगाराच्या पाकिटात काय पडणार हे काढायला भागाकार आणि वजाबाकी करावी लागते, आणि ती जो करत नाही तो सही करून मोकळा होतो. दुर्बिणीचा भागाकार तर चौथीतला मुलगा करील.

मग पुढचे भिंगच मोठे घ्यावे, ५० किंवा ५६ मिलीमीटरचे? उजेड मिळतो हे खरे. पण मोठे भिंग नळीला टेकू नये म्हणून सबंध दुर्बीण उंच बसवावी लागते. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, आणि नेम धरण्याची सगळी बैठक मोडते. वजनही वाढते, दिवसभर डोंगर चढणाऱ्याला ते पहिल्या तासात जाणवत नाही, आठव्या तासात जाणवते. आणखी एक गैरसमज असा की दुर्बिणीची मधली नळी एक इंचाऐवजी ३० मिलीमीटरची असली की उजेड जास्त येतो. उजेडाचा आणि तिचा फारसा संबंध नाही. जाड नळीत आतल्या भागाला हलायला जागा जास्त मिळते, म्हणून नेम वरखाली करण्याची मर्यादा वाढते. पाचसहाशे यार्डांवर मारणाऱ्याला तिचे मोल. शंभर यार्डांच्या जंगलात नाही.

उजेडाचा खरा चोर निराळा आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेकडा सुमारे ४ भाग उजेड परत फिरतो. दुर्बिणीत पाच भिंगे धरली तर पृष्ठे झाली दहा. शंभर भाग आत गेले की बाहेर येतात फक्त ६६. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर अतिशय पातळ लेप चढवून ही गळती कमी करण्याची युक्ती काढली. एका लेपाने प्रत्येक पृष्ठाची गळती दीड टक्क्यावर आली, तर शंभरातले ८६ भाग पोचतात. अनेक लेपांनी ती अर्ध्या टक्क्यावर आणली, तर ९५. चाळीस मिलीमीटरचे उत्तम लेपाचे भिंग पन्नास मिलीमीटरच्या निकृष्ट भिंगाला सांजेला लाजवते ते यामुळे. कारण परत फिरलेला उजेड नुसता वाया जात नाही, तो नळीत इकडेतिकडे आपटून चित्रावर पांढुरकी झाक आणतो. मात्र खोक्यावरची भाषा नीट वाचावी. नुसते ‘कोटेड’ म्हणजे कोठेतरी एखाद्या पृष्ठावर लेप आहे. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठांवर अनेक लेप आहेत. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या सर्व पृष्ठांवर अनेक लेप. हा शब्दांचा फरक कायदेपंडिताला शोभेल असा आहे, पण छापणाऱ्याने तो जाणूनबुजून ठेवलेला असतो.

आता पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात जाऊ. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण दाट झाडीत राहते. शिकाऱ्याला ते बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत, पुष्कळदा पन्नासावर दिसते, तेही झाडांच्या फटीतून, दोन-चार क्षण. तीन पटींवर दुर्बिणीतून शंभर यार्डांवरचा तीस ते पस्तीस फूट रुंदीचा पट्टा दिसतो. नऊ पटींवर दहा ते चौदा फुटांचा. पन्नास यार्डांवर तो निम्मा होतो. नऊ पटींवर ठेवलेली दुर्बीण जवळच्या हरणावर उचलली, तर तीत करड्या केसांचा एक ठिगळ दिसतो. तो खांद्याचा की पोटाचा हे उमगेपर्यंत हरीण गेलेले असते. किंवा, याहून वाईट, उमगण्यापूर्वी गोळी सुटलेली असते.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून सुमारे आठ इंच व्यासाचे वर्तुळ होते. गोळी तेथे लागली तर जनावर काही क्षणांत पडते. ती पोटात किंवा मांडीत लागली, तर ते धावत सुटते, झुडपात जाऊन बसते, आणि कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मरते. ज्याने मारले त्याला सापडतही नाही. निशाणाच्या कागदावर दोन इंचांची चूक म्हणजे दोन गुण कमी. जंगलात तिची किंमत दुसराच कोणी भरतो. म्हणून शिकारीची दुर्बीण निवडताना पहिला प्रश्न किती लांबचे दिसेल हा नसावा. जवळचे, घाईत, अंधुक उजेडात, कोणता अवयव समोर आहे हे खात्रीने कळेल काय, हा असावा. दीड ते पाच, दोन ते सात, फार तर तीन ते नऊ पटींची दुर्बीण या कामाला पुरते, आणि जंगलात चालताना ती नेहमी सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवावी. लांबचे हरीण दिसले तर पटी वाढवायला वेळ मिळतो. जवळचे दिसले तर कमी करायला मिळत नाही. त्या मुलाने शेवटी दोन ते सात पटींची, ३३ मिलीमीटर भिंगाची घेतली. पश्चिमेकडील उघड्या माळांवर, जेथे तीनशे यार्डांवरून गोळी घालावी लागते, तेथे हिशेब काहीसा बदलतो. .३०-०६ सारखी रायफल दोनशे यार्डांवर नेमकी लावली, तर शंभरावर गोळी दोन इंचांच्या आत वर लागते आणि तीनशेवर सुमारे आठ इंच खाली जाते. हे खाली जाणे दुर्बीण थांबवत नाही. ते ठाऊक असावे लागते.

काही दुर्बिणींत फुलीच्या उभ्या रेघेवर लांब अंतरांसाठी खुणा असतात. एक गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही : बहुतेक अमेरिकन शिकारी नमुन्यांत पटी बदलल्या तरी फुली तेवढीच राहते, त्यामुळे त्या खुणा एकाच पटीवर, बहुधा सर्वांत वरच्या, खऱ्या ठरतात. पटींबरोबर फुलीही लहानमोठी होणारे नमुने असतात. त्यांच्या खुणा सर्वत्र खऱ्या, पण खालच्या पटीवर फुली कोळ्याच्या तंतूसारखी दिसते. झाडीतल्या शिकाऱ्याला दुसऱ्या प्रकाराची गरज नाही.

आणखी एक सूचना, आणि ही मी फार गंभीरपणे करतो. रायफलीवरच्या दुर्बिणीने रान न्याहाळू नये. ज्याकडे दुर्बीण रोखली त्याकडे नळीही रोखलेली असते. झाडीत हलणारी वस्तू माणूसही असू शकते. पेनसिल्व्हेनियात हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड घालण्याची सक्ती आहे, ती याच भीतीने. पाहण्यासाठी गळ्यात साधी दोन डोळ्यांची दुर्बीण असावी. पैसे थोडे असतील तर रायफलीवरची एक पायरी स्वस्त घ्यावी, पण ही असावी.

डोळा आणि मागचे भिंग यांमध्ये किती अंतर ठेवून सबंध चित्र दिसते, हाही आकडा छापलेला असतो. धक्का देणाऱ्या रायफलीवर तो साडेतीन-चार इंचांच्या खाली असू नये. तसा असेल तर गोळी सुटताच दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि चंद्रकोरीची जखम होते. .२२ च्या लहान काडतुसाला असा धक्का नसतो; तेथे तीन इंच चालतात.

भिंगांचे येथवर झाले. आता पेचांकडे येतो, आणि खरे सांगायचे तर माझे मन येथे अधिक रमते. दुर्बिणीच्या पाठीवर आणि उजव्या कुशीवर एकेक फिरकी असते. एक नेम वरखाली करते, दुसरी डावाउजवा. आत काय असते? एक पेच आणि समोरून रेटणारी एक स्प्रिंग; दोहोंमध्ये आतली नळी. फिरकी फिरवली की ‘टिक’ असा आवाज येतो. एका टिकेत नेम एका कोनीय मिनिटाचा चौथा भाग सरकतो. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाची ६० मिनिटे. शंभर यार्डांवर असे एक मिनिट १.०४७ इंच होते. व्यवहारात शंभर यार्डांवर चार टिका म्हणजे एक इंच, पन्नासावर आठ, पंचविसावर सोळा. दशमान पद्धतीच्या दुर्बिणींत एक टिक म्हणजे शंभर मीटरांवर एक सेंटिमीटर. आपल्या मुलांना तीच सोपी जाईल.

परंतु टिक वाजली म्हणजे नळी तेवढी सरकलीच, असे कोणी सांगितले? लेथवर काम केलेल्या प्रत्येकाला आट्यांतली ढिलाई ठाऊक असते. हँडल उलट फिरवले की काही अंश ते नुसतेच फिरते, घोडी जागची हलत नाही. स्वस्त दुर्बिणीत पेच ढिला किंवा स्प्रिंग मेलेली असते. फिरकी चार टिका फिरवली तरी नेम तेथेच राहतो आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने एकदम उडी मारतो. माणूस आपल्या हाताला दोष देत काडतुसे संपवतो. हे तपासण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. बंदूक रेतीच्या पिशवीवर टेकून शंभर यार्डांवरच्या मोठ्या कागदावर तीन गोळ्या घाला. मग फिरकी चाळीस टिका उजवीकडे, तीन गोळ्या, चाळीस वर, तीन गोळ्या, चाळीस डावीकडे, अखेर चाळीस खाली. नेम मात्र सदैव त्याच बिंदूवर धरायचा. कागदावर सुमारे दहा इंचांचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींत जाऊन मिसळल्या पाहिजेत. चौकोन वाकडा आला किंवा शेवट सुरुवातीला मिळाला नाही, तर दुर्बीण दुकानात परत करा. काडतुसे वाचवायची असतील तर रिकामी रायफल शिकंज्यात घट्ट धरा, शंभर यार्डांवर चौकटीचा कागद लावा आणि फिरकी फिरवत फुली किती चौकटी सरकते ते नुसते पाहा. धक्क्याखालचे वागणे यातून कळत नाही, पण लबाडी पुष्कळशी कळते.

दुर्बीण उत्तम आणि तिला धरणाऱ्या रिंगा हलक्या, हा प्रकार मला टूलरूममध्येही दिसे : महागडे डायलगेज आणि डगमगता स्टँड. रिंगांचे पेच आळीपाळीने, इंजिनाच्या हेडचे बोल्ट आवळतो तसे थोडेथोडे आवळावेत. पंधरा ते वीस इंच-पौंड एवढाच जोर पुरे. जास्त आवळले तर पातळ नळी चेपते आणि आतली हालचाल अडते. फुलीची उभी रेघ खरोखर उभी आहे की नाही हे डोळ्याच्या अंदाजाने ठरवू नये. रायफल सपाटीला लावून समोर गवंड्याचा ओळंबा टांगावा आणि रेघ दोरीशी जुळवावी. रेघ कलती राहिली तर जवळ काही बिघडत नाही, लांब गेल्यावर गोळी बाजूला पडू लागते.

आता हौशी निशाणबाजी. हिच्यासाठी सर्वांत शहाणपणाची बंदूक .२२ ची, कारण काडतूस स्वस्त, आवाज थोडा, धक्का नाही. हिच्या दुर्बिणीत एक निराळी गोष्ट पाहावी लागते. अँपिअरमीटर वाचताना काट्याकडे तिरपे पाहिले तर आकडा चुकतो. म्हणून चांगल्या मीटरात काट्यामागे आरशाची पट्टी असते. दुर्बिणीतही डोके थोडे हलवले की फुली निशाणावरून सरकताना दिसते. ठराविक एका अंतरावर हे सरकणे नाहीसे होईल अशी रचना कारखान्यात केलेली असते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींत ते अंतर बहुधा शंभर किंवा दीडशे यार्ड असते, .२२ साठी बनवलेल्या दुर्बिणींत पन्नास-साठ. मोठ्या रायफलीची उरलेली दुर्बीण .२२ वर चढवून पंचवीस यार्डांवर मारणारा माणूस बंदुकीला विनाकारण नावे ठेवतो. अंतर बदलण्याची फिरकी असलेला नमुना परवडला तर उत्तमच. निशाण स्थिर, उजेड भरपूर, बंदूक टेकलेली. म्हणून येथे बारा-सोळा पटी घेतल्या तरी माझी तक्रार नाही. मात्र .२२ ची गोळी पन्नास यार्डांवर नेमकी लावली तर शंभरावर अर्धा फूट खाली जाते, हे विसरू नये.

आपल्याकडे ज्यांना हौस आहे ते हवेच्या बंदुकीपासून सुरुवात करतात. ठराविक शक्तीच्या आतल्या ४.५ मिलीमीटर नळीच्या हवाबंदुकीला शस्त्रपरवाना लागत नाही. तरी खरेदीपूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करावी. स्प्रिंगच्या हवाबंदुकीचा धक्का विचित्र असतो. आतला दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते आणि तो थांबताच ती पुढे झटका खाते. साध्या दुर्बिणींची भिंगे मागच्या धक्क्यासाठी बसवलेली असतात. पुढच्या झटक्याने ती सैल होतात. रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेली महाग दुर्बीण हवाबंदुकीवर काही शे गोळ्यांत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. हवाबंदुकीसाठी म्हणून खास लिहिलेली आणि दहा यार्डांपासून स्पष्ट दिसणारी अशीच घ्यावी.

ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांनी मात्र दुर्बिणीचा नाद सोडावा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बिणीला परवानगीच नाही. मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे गोल कडे, एवढ्यावर नेम धरायचा. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेतला तिकीट तपासनीस, याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले ते याच साधनांवर. त्या निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचे असते, म्हणजे साधारण शर्टाच्या गुंडीएवढे.

खरेदीला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळीच भिंगे चांगली दिसतात. दिवेलागणीच्या सुमारास जा, दोन-तीन नमुने दाराशी आणा, एकाच पटीवर ठेवा आणि समोरच्या इमारतीच्या सावलीतली पाटी वाचून पाहा. कडेची अक्षरे मध्यासारखीच स्पष्ट आहेत का, पांढऱ्या कडेला जांभळी किनार दिसते का, हे तेथेच कळते. जुनी घेत असाल तर हलवून कानाशी लावा; आत काही खुळखुळले तर सोडून द्या. ठरवलेल्या रकमेतून रिंगांचे आणि निदान शंभर काडतुसांचे पैसे आधी बाजूला काढा, उरेल त्यात दुर्बीण बसवा.

बसवल्यावर बोल्ट काढून नळीतून निशाण पाहा आणि फुली त्यावर आणा. पहिल्या गोळ्या पंचवीस यार्डांवर, मग शंभरावर. नेम बदलण्यापूर्वी प्रत्येक वेळी तीन गोळ्या घालून त्यांचा मध्य काढा. एका गोळीवरून फिरकीला हात लावू नका. टिका किती आणि कोणत्या दिशेने फिरवल्या, काडतूस कोणते, तारीख काय, हे वहीत लिहा. नळी पूर्ण थंड झाल्यावर जी पहिली गोळी पडते ती वेगळी लिहा, कारण हरणावर झाडली जाते ती थंड नळीतली पहिलीच गोळी असते. आणि मोटारीतून लांबचा प्रवास करून जंगलाशी पोचलात, तर आत शिरण्यापूर्वी एक गोळी कागदावर घालून त्या नोंदीशी ताडून पाहा.